फारसी का मोजणी?

आमच्या थोरल्या भाऊजींइतकी परीक्षेची तयारी केलेला माणूस उभ्या वऱ्हाडात झाला नाही, आणि परीक्षेला न बसता इतका दमलेलाही दुसरा झाला नसेल. त्यांची आठवण आली तरी मला आधी जरा टेकावंसं वाटतं. ते माझ्या बहिणीचे यजमान. घरची काळी जमीन होती, बैलजोडी होती, सगळं बरं चाललं होतं. पण त्यांना सरकारी कारकुनी हवी होती, आणि तिच्यासाठी दरसाल अकोल्याला चढाओढीची परीक्षा होई. मोडी, हिशेब आणि कायदा सगळ्यांना सक्तीचे. चौथा विषय आपल्या पसंतीचा, फारसी किंवा जमिनीची मोजणी. त्या 'किंवा'पाशी भाऊजींचं तारुण्य अडकून पडलं.

फारसीच्या दिवसांत ते बैलांनाही फारसीत हाका मारत आणि बैल जागचे हलत नसत. मोजणीची लहर आली की जमीन मोजायची साखळी घेऊन निघत. माझ्या लग्नात त्यांनी मांडव मोजला आणि एक खांब शेजाऱ्याच्या जागेत जातो म्हणून वरात वेशीवर थांबवली. खांब उपटून अलीकडे रोवेपर्यंत मी घोड्यावर ताटकळत होतो. परीक्षेचे नियम तर त्यांना तोंडपाठ. एकदा सांगितलेला विषय बदलता येत नाही, हा सर्वांत लाडका. पोरांनी पिठलं मागून मग वरण मागितलं की म्हणत, "विषय सांगून चुकला ना तू? आता बदलता येत नाई!" स्वतः मात्र "अजून पक्कं नाई झालं" म्हणून परीक्षा पुढच्या सालावर ढकलत. बहीण कंटाळून म्हणे, "अवो, चिठ्ठ्या टाका अन् मोकळे व्हा." एकदा टाकल्या. फारसी निघाली. तर म्हणाले, "हे चिठ्ठीनं सांगतलं, म्या नाई."

अशात तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली आणि इकडे आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मी अमरावतीला एका अडत्याकडे लागलो. कारकून, पंतोजी, जो तो कापसात शिरला. नेमकी त्याच साली भाऊजींची तिशी भरत होती, आणि तिशीनंतर परीक्षेचं दार बंद. बहिणीनं डोळ्यांत पाणी आणून मला त्यांच्यासोबत धाडलं. रिकामी गाडी कुठली मिळायला? कापसाच्या गाडीवर बसून गेलो आणि मिशांत कापूस घेऊन कचेरीत शिरलो.

उमेदवार एकटे भाऊजीच. शिरस्तेदार, म्हणजे तिथले मुख्य कारकून, कामाच्या ओझ्यानं पार वाकले होते. भाऊजींना पाहून त्यांचा चेहरा उजळला. "या राव! माणूस भेटून नाई राहिला आमाले. विषय सांगा, नावापुरतं चार ओळी लिवा अन् उद्यापासून कामाले या."

भाऊजींनी डोळे मिटले. "मोजणी," ते म्हणाले. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पण लगेच डोळे उघडून म्हणाले, "मात्र साहेब, हे चढाओढीची परीक्षा आहे. निदान दोन उमेदवार पाहिजेत. नियम आहे."

"अरे बाप्पा, कोण पाहून राहिलं?"

"मी पाहून राहिलो ना."

मी काकुळतीनं म्हणालो, "भाऊजी, मी बसतो दुसरा."

"तू माहा साळा. सोयऱ्यानं सोयऱ्यासंगं बसू नये, हा बी नियम आहे."

मग दुपारभर आम्ही कापसाच्या बाजारात दुसरा उमेदवार शोधत हिंडलो. 'परीक्षेला बसता काय?' म्हणताच एक जुने पंतोजी कापूस तोलता तोलता पोट धरून हसले. दिवस मावळला, कचेरी बंद झाली. भाऊजींची परीक्षा तिथंच संपली.

पुढं लढाई थांबली, भाव कोसळला आणि तीच सगळी मंडळी नोकरीसाठी धावली. परीक्षेला कचेरीच्या आवारात उभं राहायला जागा उरली नाही. भाऊजींनी आपली फारसी पुस्तकं त्यांतल्याच एकाला देऊन टाकली.

त्यानंतर एका सकाळी मी त्यांच्या शेतावर गेलो, तर ते एकटेच साखळी पसरत होते. एक टोक धरलं की दुसरं सुटत होतं. मी विचारलं, "आता कायले, भाऊजी?"

"मोजणी सांगून चुकलो ना मी," ते मान वर न करता म्हणाले. "आता बदलता येते काय?"

मी म्हणालो, "इथं साळा चालते काय?"

त्यांनी बराच विचार केला.

"इथं चालते," ते म्हणाले. "धर ते टोक."