फुली आणि पालथा गडवा

बायको गेली त्याला सव्वा वर्ष झालं. मी चौथी शिकलेला, भाजीपाल्याच्या मळ्यात जन्म गेलेला माणूस. लिहिणं माझं काम नाही. पण सुनेनं घरातला कॉम्प्युटर माझ्यापुढं मांडला आणि म्हणाली, "मामाजी, आईचं आठवते तसं लिहून काढा. मन मोकळं होईन." एका बोटानं अडीच महिने टिपत बसलो. अकरा पानं झाली.

मागच्या मंगळवारी बोट कुठंतरी चुकीचं लागलं आणि पडद्यावर एक चौकट येऊन उभी राहिली. 'ही फाइल काढून टाकायची?' खाली दोन बटणं, होय आणि नाही. वर कोपऱ्यात फुली. मला त्याच्याशी बोलायचंच नव्हतं. मी फुली दाबली. म्हणजे जा बाबा, आहे ते राहू दे. चौकट गेली आणि तिच्यासोबत अकराच्या अकरा पानं गेली.

सुनेनं सगळं धुंडाळलं. मग खुर्ची मागं सारून म्हणाली, "मामाजी, त्यानं फुलीले होय धरलं."

"म्या कुठं होय म्हनलं त्याले?"

"नाई बी नाई म्हनलं ना. खरं तं फुली म्हंजे काईच करू नको, असंच असाले पायजे. हा प्रोग्राम बनवनाऱ्यानं तो इचारच केला नाई."

हेच बोलणं मी साठेक वर्षांपूर्वी ऐकलं होतं, आणि तेव्हा समोर मशीन नव्हतं, सख्खा भाऊ होता.

अमरावतीला गावाबाहेर आमचा मळा होता. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि विहिरीजवळ दोन वाफे शेवंती. ती शेवंती माझ्या बायकोची. तिची आई वारली तेव्हा अकोटहून येताना तिनं माहेरच्या परसातले चार फुटवे ओल्या फडक्यात बांधून आणले होते. माहेरची दुसरी काही वस्तू तिच्या वाट्याला आली नाही. दरवर्षी जुन्या झाडाचे फुटवे काढून ती नवे लावायची. वाफ्यात दुसऱ्या कोणाला खुरपं घालू देत नव्हती. मलाही नाही.

आमच्या घरची एक रीत होती. मोठ्याच्या तोंडावर लहान्यानं नाही म्हणायचं नाही. बोलणं पटलं नाही तर घोटभर पाणी प्यायचं, गडवा, म्हणजे पाण्याचा तांब्या, पालथा घालायचा आणि उठायचं. मग मोठा समजून घ्यायचा की विषय मिटला, जे जसं आहे ते तसंच राहील. बापाच्या वेळेपासून हे चालत आलं होतं. माझ्या मोठ्या भावानं स्वतः बापापुढं कितीदा गडवा पालथा घातला ते मी डोळ्यानं पाहिलं आहे.

एक दिवस जेवताना भाऊ म्हणाला, "इहिरीजवळची शेवंती काढून तिथं संत्र्याच्या कलमा लावतो म्हन्तो. काय म्हन्तं?"

मी पाणी प्यालो, गडवा पालथा घातला, उठलो. त्याच दिवशी बायकोला घेऊन बडनेऱ्याहून गाडी धरून अकोल्याला गेलो. बहिणीच्या घरावरची टिनं उडाली होती, ती बसवून द्यायची होती. चार दिवस लागले.

परत आलो तर विहिरीजवळ खड्डे खणलेले आणि शेवंती उकिरड्यावर. चार दिवसांच्या उन्हात मुळ्या वाळून दोऱ्यासारख्या झाल्या होत्या. बायको तिथं बसून एकेक काडी मोडून पाहत होती, कुठं हिरवी निघते काय म्हणून. एकही निघाली नाही.

मी भावाला गाठलं. "दादा, म्या गडवा पालथा घातला होता."

"पाह्यला ना. पन तू नाई तं म्हनलं नाई."

"आपल्या घरात त्याचा अर्थ काय होते, तुले मालूम नाई काय?"

"आता बाप हाये काय अर्थ पाहाले?" असं म्हणून तो कलमांना पाणी घालायला लागला. इतक्या शांतपणे, की मला राग यायलासुद्धा वेळ लागला. रीत त्याला माहीत होती. न समजण्यात त्याचा फायदा होता, म्हणून तो समजला नाही.

भाऊ मरेपर्यंत त्याच्या हातचं पाणी मी प्यालो नाही. मशीनवर इतका राग धरता येत नाही. पण ज्यानं ते बनवलं त्याला एवढं सांगतो: माणूस उत्तर न देता उठला, तर त्याच्या नावानं होय लिहू नको.

आता अकरा पानांचं खरं सांगतो. त्यात भावाला पोटभर शिव्या होत्या. एक गोष्ट नव्हती, ती मुद्दाम सोडली होती. त्या दिवशी भाऊ जेवायला बसायच्या आधी बायको मला चुलीपाशी म्हणाली होती, "अवो, भासरे आज शेवंतीचा इषय काढतीन. गडवा-बिडवा नोका करू. तोंडानं नाई म्हनजा."

मी म्हणालो होतो, "बरं."

उकिरड्यावरून उठताना तिनं मला इतकंच विचारलं, "म्हनलं होतं काय?" मी मान खाली घातली. त्यानंतर ती माझ्याशी नीट बोलली, नीट वागली, पोरं वाढवली. पण शेवंती पुन्हा लावली नाही, आणि माझ्यापाशी कधी काही मागितलंही नाही.

हे आज पहिल्याच पानावर लिहिलं. लिहून उठताना चौकट पुन्हा आली, 'बदल ठेवायचे?' सवयीनं हात फुलीकडेच गेला होता. तो मागं घेतला, चष्मा लावून दोन्ही बटणं वाचली आणि होय दाबलं.