खिडकी लावून केलेली प्रार्थना

गाडीनं शिट्टी दिली तरी बाबांची प्रार्थना संपेना. बडनेऱ्याच्या फलाटावर टोपी काढून, एक हात माझ्या थोरल्या शमूच्या डोक्यावर आणि दुसरा आमच्या गादीच्या वळकटीवर ठेवून ते उभे होते. चहावाल्यापासून हमालापर्यंत सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात देवाला आमचा रायपूरचा पत्ता समजावून सांगत होते. माझे यजमान ओशाळून स्वतःच्या चपलांकडे बघत होते. धाकटा अमोल माझ्या कडेवर झोपलेला. एकदाचं आमेन झालं आणि बाबा मला म्हणाले, "देवाले हळू बोललं तरी आयकू येते. पोट्ट्यायले नाही येत. म्हणून मोठ्यानं करत जा."

तुमच्यातले जे गावीच राहिले, त्यांना ते वाक्य साधं वाटेल. माझ्यासारखे जे निघाले, त्यांना कळेल मी ते का विसरू शकत नाही.

छत्तीसगड नुकतंच वेगळं झालं होतं. रायपूर राजधानी, जिकडे बघावं तिकडे बांधकाम. हे ड्राफ्ट्समन, त्यामुळे कामाला तोटा नव्हता. घर मिळालं पुरानी बस्तीत, एका गल्लीत, खाली घरमालकीण अम्माजी आणि वर आम्ही. बाई सोन्यासारखी. अमोलला ताप आला की तीच आधी वर यायची. आम्ही माहेरच्या रीतीनं दिवेलागणीला चटईवर बसायचो. एक गीत, शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, एक उतारा, मग धाकट्यापासून सुरुवात करून प्रत्येकानं आपली प्रार्थना मोठ्यानं म्हणायची. महिनाभर हे चाललं. मग एके दिवशी अम्माजी कोथिंबिरीची जुडी घेऊन वर आल्या.

"बेटा, मुझे कोई तकलीफ नहीं. पर पारावाले पूछते हैं, ऊपर रोज क्या होता है, कौन-कौन आता है. तुम लोग खिड़की लगा लिया करो ना."

पारा म्हणजे मोहल्ला. कोणी दगड मारला नाही, शिवी दिली नाही. मला राग आला, पण काढायचा कोणावर? कोथिंबिरीवर? आमचे हे एवढंच म्हणाले, "लाव ना खिडकी. आपल्याले इथं राहाचं आहे."

लावली. पण आमचा कूलर त्याच खिडकीत. तो आत ओढायचा, मग झडपा लावायच्या. रायपूरचा मे महिना ज्यानं काढलाय त्याला काय सांगायचं! बंद खोलीत चौघं घामानं निथळत कुजबुजायचो. अमोलची प्रार्थना तर एका श्वासात संपायची आणि आमेनचा 'न' म्हणता म्हणता तो खिडकीकडे धावायचा. आम्ही हसायचो. बायबलातलं नाव कोणाला कळू नये म्हणून बाहेर शमूला मी सोनू म्हणून हाक मारायचे. शाळेत पोरं हिंदीत भांडायला शिकली, घरी माझ्या मराठीला हिंदीत उत्तर देऊ लागली. तेही चालवून घेतलं. दिवेलागणीची बैठक मोडली नाही, याचाच मला अभिमान होता.

मग एका नाताळला आम्ही गावी गेलो. जेवायला पानं मांडलेली, घर पाहुण्यांनी भरलेलं, दारात शेजारचे उभे. बाबांनी शमूला सांगितलं, "आज तू कर रे प्रार्थना." शमू उठला. आधी त्यानं खिडकी लावली, कडी घातली. मग शेजाऱ्यांच्या तोंडावर दार लोटलं. मग मान खाली घालून इतकं हळू बोलला की शेजारी बसलेल्या अमोललाही ऐकू गेलं नसेल.

बाबांनी मला विचारलं, "हा पोट्टा काहून लपून राहिला?"

"थंडी आहे ना बाबा," मी म्हटलं.

बाबांनी स्वतः उठून दार उघडलं. त्या जेवणाला मला चव लागली नाही. मी मुलांना देवाची ओळख करून दिली की भीतीची, हे मला त्या दिवसापासून ठरवता येत नाही. खिडकी उघडी ठेवली असती तर घर गेलं असतं. लावली, तर हे. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे माझी दोन पोरं.

आता आम्ही शहराबाहेर नव्यानं वसवलेल्या 'नवा रायपूर'ला, स्वतःच्या फ्लॅटमध्ये. रस्ते इतके रुंद आणि माणसं इतकी कमी की ओरडलं तरी कोणी विचारायला येणार नाही. पहिल्याच संध्याकाळी मी सगळ्या खिडक्या सताड उघडल्या आणि चटई घातली. शमूला आता मिशी आहे. तो बसला, डोळे मिटले, पुन्हा उघडले.

"मम्मी, बंद कर दो ना. खुली रहती है तो मुझसे होता नहीं."

"कोण ऐकतंय इथं?" मी म्हटलं. "थांब, मी करते." बाबांसारखी ताठ बसले, त्यांच्यासारखाच आवाज लावायला गेले. घशातून कुजबूजच आली. पुन्हा प्रयत्न केला. बाहेरून वारा येत होता आणि मला एकही शब्द सुचत नव्हता.

बाबा दर रविवारी फोनवर विचारतात, "पोट्टे प्रार्थना करतेत ना?" मी म्हणते, "हव बाबा." आपलं घर कुठलं, गावचं की इथलं, हे मात्र मला आता कोणी विचारू नये. फ्लॅटमधल्या त्या पहिल्या संध्याकाळी शेवटी शमू उठला, त्यानं खिडकी लावली, आणि मग मला बोलता आलं.