उजवा तळवा बाहेर

बारवर दोनशे किलो लागले होते आणि सर्जेराव वळून माझ्याकडं बघत होता. मी तोंड फिरवलं. सांगलीच्या त्या मांडवात मी कोच म्हणून उभा होतो, छातीवर बिल्ला होता, आणि आपल्याच गड्याकडं बघत नव्हतो. का, ते सांगतो.

मी फौजेत पीटी इन्स्ट्रक्टर होतो. पेन्शनवर आलो तसं कृष्णाकाठच्या एका साखर कारखान्यानं व्यायामशाळेवर घेतलं. सत्तरचं दशक निम्मं सरलं होतं आणि पॉवरलिफ्टिंग हा शब्द आमच्याकडं नवाच होता. सर्जेराव कुंडलचा, तालमीतला पैलवान, कारखान्यात गव्हाणीवर ऊस उतरवायचा. सीझनल कामगार, म्हणजे गाळप संपलं की घरी. सांगलीच्या स्पर्धेत दोनशे किलो उचललेस तर परमनंट करतो, असा शब्द वेल्फेअर ऑफिसरनं त्याला दिला होता. बायको पोटुशी होती. त्याला दुसरं काही दिसतच नव्हतं.

डेडलिफ्ट म्हणजे जमिनीवरचा बार उचलून सरळ उभं राहायचं. ताकद पायांची आणि पाठीची, हातांनी नुसतं धरायचं. पण सगळं अडतं ते धरण्यातच. दोन्ही तळवे आपल्याकडं ठेवले तर धोका कमी, पण वजन वाढलं की बार बोटांतून फिरून सुटतो. एक तळवा आत, एक बाहेर केला की बार फिरत नाही. ही मिक्स्ड ग्रिप. हिच्यात बाहेर वळवलेल्या हाताचं कोपर वाकलं तर भार दंडावर येतो, आणि दंडाचा स्नायू हाडापासून सुटू शकतो. तिसरी हुक ग्रिप. अंगठा बारला लपेटायचा आणि वरून बोटांनी दाबून धरायचा. डोळ्यांत पाणी येतं, नख काळं पडतं, पण बार सहसा सुटत नाही आणि दंड शाबूत राहतात.

मी सर्जेरावसाठी हुक निवडली. कारण त्याचं कोपर.

"सरळ ठेव रं हात," मी रोज ओरडायचो.

"आवं वस्ताद, कुस्तीत हात लांब सोडला की समोरचा धरून फिरवतोय. ल्हानपणापास्नं सवय हाय. आपसूक वाकतंय."

महिनाभरात अंगठ्याची सालं निघाली, पण एकशेऐंशी उचलले. तेवढ्यात एक दिवस ऑफिसर व्यायामशाळेत आले.

"हे काय, अंगठ्याला चिंध्या? पुण्याची मुलं एक हात उलटा धरतात आणि आरामात उचलतात."

"साहेब, ती मुलं तालमीतली नाहीत. याचं कोपर वाकतं."

"तीन आठवडे राहिलेत. चेअरमनसाहेब स्वतः येणार आहेत. मला दोनशे पाहिजेत."

"ती ग्रिप मी शिकवणार नाही."

"नका शिकवू. तो करेल त्याचं तो."

मला राग आला, आणि तो राग मी जपून ठेवला. रोज वेळेवर जायचो, मस्टरवर सही करायचो आणि खुर्चीत पेपर उघडून बसायचो. लग्नात रुसलेल्या व्याह्यासारखा. सर्जेराव आपल्या मनानं उजवा तळवा बाहेर करून उचलायला लागला. एकशेनव्वद गेले.

"वस्ताद, बघा की, लय हलकं जातंय."

"साहेबास्नी दाखव," मी म्हणालो.

कोपर वाकत होतं. पेपरच्या वरून मला स्वच्छ दिसत होतं. मी पान उलटलं.

सांगलीच्या मांडवात लोकांचा गलका झाला तेव्हा मी वळून बघितलं. बार गुडघ्यापर्यंत येऊन अडला होता. अडल्याबरोबर सर्जेरावचं कोपर वाकलं. ओलं धोतर टरकावं तसा आवाज झाला. दंडाचा गोळा वर खांद्याकडं सरकला आणि बार खाली आदळला.  तो हात छातीशी धरून बारकडं बघत राहिला. पुढच्या रांगेतले चेअरमन घड्याळ बघून उठले.

डॉक्टर म्हणाले, हात चालेल, पण पहिल्यासारखा जोर येणार नाही. दोन दिवसांनी ऑफिसरनं रिपोर्ट टाइप करून माझ्यापुढं ठेवला. 'कोचने वारंवार सूचना देऊनही खेळाडूने कोपर वाकवले.' मी सही केली. नाकारली असती तर तीन आठवडे मी पेपर वाचत होतो, हे लिहावं लागलं असतं. ते माझ्यानं झालं नाही. लाज वाटते, पण झालं नाही.

पुढच्या सीझनला सर्जेरावला गव्हाणीवर घेतलं नाही. मी कुंडलला त्याच्या घरी गेलो. डाव्या हातानं त्यानं पाण्याचा तांब्या पुढं केला. रिपोर्टचं त्याला कळलं होतं. तरी तो एवढंच म्हणाला,

"वस्ताद, तुमचा राग साहेबावर हुता न्हवं? मला एकदा दरडावलं असतं तर हात सरळ ठिवला असता की मी."

मी तांब्या खाली ठेवला आणि निघालो. 

त्यानंतर पुष्कळ वर्षं मी पोरं शिकवली. जी ग्रिप मला पसंत नव्हती, ती सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत नीट शिकवली. एकाचाही दंड गेला नाही. सर्जेरावला त्याचा काय उपयोग?