देवाला एका वेळी एकच विचारायचं

आंदर मावळातलं आमचं गाव सोडलं त्या सकाळी आमचे हे ट्रंक डोक्यावर घेऊन पुढे, मी लेकीला कडेवर घेऊन मागे, आणि माझी मान सारखी वळलेली. गहिवरून नव्हे हो. थोरली जाऊ दारात उभी राहून डोळे पुसत होती; ते पाणी खरं की नाटक, एवढंच मला बघायचं होतं. त्या नादात दोनदा बांधावरून पडता पडता वाचले. कामशेतला गाडीत बसेपर्यंत माझी खात्री झाली होती, की आमच्या खोलीत आता जाऊबाईंची भाताची पोती लागणार.

वय बावीस, संशय मात्र पिकलेल्या म्हातारीचा. अशी मी.

ह्यांना लोणावळ्यात मुंबईवाल्यांच्या बंगल्यावर माळ्याचं काम मिळालं होतं. राहायला बंगल्यामागे एक खोली. मला जायचं नव्हतं. गाव सोडलेल्यांची घरातली जागा कशी जाते, हे मी पाहिलं होतं. म्हणून मीच म्हटलं, भैरोबाला कौल लावू. आमच्याकडे गुरव देवाच्या अंगाला पाण्याने दोन कळ्या चिकटवतो. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. कळ्या मी निवडल्या. डावीकडे टपोरी, जड; उजवीकडे चिमुकली. देवाला फसवायला निघालेली बाई, आणि कपाळाला कुंकू हे एवढं!

उजवीच पडली.

"आबा, पन तितं किती दिस राहायचं? पोरीचं कसं व्हईल? परत कवा यायचं?" मी एका दमात विचारलं.

गुरवआबा हसले. "हौसे, देवाला एका येळी एकच इचारायचं. त्यानं जा म्हनलंय, तू जा. तेवढं केलंस का मंग पुढचं इचाराय ये."

मला यात गोलमाल दिसला. कारण आदल्या संध्याकाळी जाऊबाई फुलांचं ताट घेऊन देवळात शिरताना मी पाहिल्या होत्या. गुरव फितवला, दुसरं काय!

लोणावळ्यात मी सगळ्यांवर नजर ठेवली. दूधवाल्यावर, शेजारच्या वॉचमनवर, चिक्कीच्या दुकानातल्या तराजूवर. 'वीकेंडला गेस्ट येणार, गिझर चालू ठेवा' असा मालकीणबाईंचा फोन आला, की मला वाटायचं हे आम्हाला काढायचं निमित्त आहे. दोन वर्षं ट्रंक पुरती रिकामी केली नाही. धुक्याने आतल्या लुगड्यांना वास लागला, पण मी हटले नाही.

दर जत्रेला गावी जायचे आणि एकच विचारायचे, परत येऊ का? दरवेळी डावी कळी. आणि दरवेळी जाऊबाई माझ्या आधीच देवळाच्या पायरीवर. एकदा आबांना खडसावलं, "आक्का काय इचारत्यात तुमाला?"

"एकीचं इचारलेलं दुसरीला सांगायचं नसतं," आबा म्हणाले.

मी पाय आपटत परत लोणावळ्याला. विश्वास म्हणाल तर रत्तीभर नव्हता. पाय तेवढे सांगितलेल्या दिशेने जात होते.

वर्षं गेली. लोणावळ्यातच, कुरवंड्याच्या वाटेवर, आम्ही दोन खोल्या बांधल्या, लेक नर्स झाली, हे देवाघरी गेले. गेल्या वर्षी जाऊबाई दारात उभ्या. भाऊजी नाहीत, मुलं पिंपरीला कंपनीत, गुडघे गेलेले, गावात एसटी कधी येते कधी नाही. हातात पिशवी बघून माझ्या मनात आलंच, आता हेही घर घेतात की काय!

एका दुपारी वाल सोलताना मी विचारून टाकलं, "आक्का, त्या गुरवाला तुमी काय देत हुता वो?"

"काय देनार? कौल लावत हुते. आदी हौसा ऱ्हाईल का म्हनून, मंग परत यील का म्हनून. दरसाल न्हाईच म्हनायचा मेला देव! तू गेलीस आन मला बोलाय मानूस उरलं न्हाई. तुझी खोली दर सनाला सारवली मी, येडे."

जिच्यावर मी जन्मभर पहारा ठेवला, ती माझ्यासाठी देवाशी भांडत होती. आणि देव दोघींना एकच उत्तर देत होता. तेव्हा परतले असते, तर आज आम्ही दोघी म्हाताऱ्या गोळ्या आणायला एसटीची वाट बघत बसलो असतो. त्याने हे तेव्हाच सांगितलं असतं तर? मी पुरावा मागितला असता.

गावात राहिलेल्यांनो, तुम्ही विचारता परत कधी येणार. माझ्यासारखे बाहेर पडलेले विचारतात, तुझं घर नक्की कुठलं. आता लेक म्हणते, तळेगावला माझ्या बिल्डिंगमध्ये फ्लॅट आहे, लिफ्ट आहे, दोघी या. लिफ्टवर माझा संशय आहे. जाऊबाईंचा त्याहून जास्त.

"तितं करमंल का गं? शेजार कसा असंल? आन न्हाई जमलं तर?" काल त्यांनी धोशा लावला.

"आक्का, रविवारी नुसतं बघाय बोलावलंय. चपला घाला आन चला. बाकीचं तितं गेल्यावर."

"तू संगं हायस न्हवं?"

"हाय की."

घर म्हणजे सध्या एवढंच आहे.