मानशीत अडकलेला ओंडका

विश्वातली ऊर्जा नाहीशी होत नाही हा नियम सगळ्यांनाच लागू आहे. पण तो नीट पाळला जातोय की नाही यावर देखरेख ठेवण्याची जबाबदारी गोव्यातल्या चोपडे गावच्या माझ्या मावशीच्या यजमानांनी आपण होऊन अंगावर घेतली होती. काका डिचोलीकडच्या एका खाणीवर पंपांचे फिटर. शिक्षण सातवीपर्यंत, पण बळ, कार्य, घर्षण हे शब्द ते देवाची नावं घ्यावीत तसे घेत. वजन हललं तर काम, नाहीतर नुसता घाम, ही त्यांची कामाची व्याख्या. एकदा मावशी भरलेली कळशी घेऊन दारात ताटकळत होती आणि काका कडी काढायच्या आधी तिला समजावत होते, "तू आता उबी आसा, म्हणजे शास्त्राच्या हिशेबान तू काम करिना." मावशीने कळशी शांतपणे त्यांच्या हातात दिली आणि ती शेजारी गप्पा मारायला गेली. अर्ध्या तासाने परतली तर काका तसेच उभे. खाली ठेवली असती तर वाद हरल्यासारखं झालं असतं. "काम जावंक ना," ते म्हणाले, "पूण हात भरले."

सकाळी उंडे, म्हणजे गोल पाव, घेऊन येणारा पोदेर, आमचा पाववाला, चढावर सायकलवरून उतरतो, हेही त्यांना बघवेना. वाट लांबवली की बळ कमी लागतं, असं सांगून त्यांनी त्याला नागमोडी चढायला शिकवलं. पोदेर न उतरता वर पोचू लागला खरा, पण आठवड्यातून एकदा तरी कुणाच्या तरी कुंपणात शिरे. त्या दिवशी त्या घरी उंडे सर्वांत आधी पोचत.

मीही त्यांना हसायचो, ते मानशीचा प्रसंग घडेपर्यंत. गोवा घटक राज्य होण्याच्या आगेमागेचे दिवस. मराठी की कोंकणी, यावरून गावात दोन तट पडले होते. सख्खे शेजारी एकमेकांशी बोलत नव्हते. मी पणजीहून रविवारी मावशीकडे आलो होतो. दुपारी आरडाओरडा झाला : नदीच्या बांधातल्या मानशीत, म्हणजे शेतातलं पाणी सोडायच्या दारात, वाहून आलेला एक ओंडका अडकला होता. दारं मिटेनात, आणि भरती सुरू झालेली. खारं पाणी आत शिरलं की पुढची दोन वर्षं भात विसरायचं. एका तटाचे पंधरा जण दोर लावून ओढत होते, दुसऱ्या तटाचे बांधावर उभे होते. ओंडका हलत नव्हता.

काका आले. त्यांनी होड्या ओढायच्या कप्प्या मागवल्या, काही माडाला बांधल्या, काही ओंडक्याला, आणि मग एकेका कप्पीत तेल सोडत बसले. पाणी चढत होतं. "काका, वेळ जाता," कुणी तरी कळवळून म्हणालं. "घर्शणूय बळ खाता," काका मान वर न करता बोलले. मग दोर सगळ्यांच्या हातात देत म्हणाले, "ओंडको एक हात सरपाक आठ हात दोर ओडूंक जाय. फुकट कांय मेळना. लांब रांग करा." रांगेला माणसं कमी पडली. काका बांधावर उभ्या असलेल्यांकडे वळले. "वजन मराठींत उखल वा कोंकणींत, तितलेंच. येयात."

मग एक म्हातारा उतरला, त्याच्यामागे बाकीचे. दोर ताणला, माड कुरकुरला, आणि तो अजस्र ओंडका गाईने गोठ्याबाहेर यावं तसा निमूट बाहेर आला. दारं कुणी लावली नाहीत. चढत्या नदीनेच आपल्या दाबाने ती मिटवली. शाळेत पाठ केलेलं सूत्र असं डोळ्यांसमोर गावाचं पोट वाचवताना मी कधी पाहिलं नव्हतं. लोक दोर तसाच धरून उभे होते, शेजारी कोण आहे याचं भान नसल्यासारखे.

मागच्या चतुर्थीला गेलो तेव्हा काका बरेच थकलेले. गुडघे गेलेत, खुर्चीतून उठवत नाही. जेवायला बोलवायला मावशी आली, तिने दोन्ही हात पुढे केले. टेकू कुठे द्यायचा, पाय कसा रोवायचा, हे आता ते तिला सांगतील म्हणून मी कान टवकारले. पण त्यांनी नुसते तिचे हात धरले, आणि ती दोघं थरथरत, सावकाश उभी राहिली. कोण कुणाला उचलत होतं, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.