दोन दिवसांच्या बाळाचं पाप

दोन दिवसांच्या लेकराने नेमकं कोणतं पाप केलं असेल, सांगता येईल तुम्हाला?

आमच्या घरी याची उत्तरं आपल्या पायांनी चालत आली. नव्वदचं दशक संपत आलं होतं. माझी ताई बाळंतपणाला वसमतजवळच्या आमच्या गावी आली होती. तिचं बाळ दोन दिवस जगून गेलं आणि तिने अन्न सोडलं.

शेजारच्या काकू म्हणाल्या, मागच्या जन्मीचं असेल. आम्ही बौद्ध, मागच्या जन्माच्या नावाखाली आजोबांनी काय सोसलं, ते घरात सगळ्यांना पाठ होतं. काकूंना मी दारातूनच परत पाठवलं.

मग वारंगा फाट्याहून एक तरुण ख्रिस्ती प्रचारक आला. माणूस भला, ताईसाठी मोसंबी घेऊन आलेला. म्हणाला, "ताई, पहिल्या माणसाचं पाप पिढ्यान्‌पिढ्या उतरत येतं. आपण जन्मतःच पापी. पण प्रार्थना करा, लेकरू स्वर्गात भेटेल."

मला आनंदच झाला. वडिलांनी जयंतीच्या स्टॉलवरून आणलेल्या पुस्तिकांवर मी वाढलेला. असा प्रतिपक्ष घरी येणं म्हणजे सणच.

"खापरपणजाच्या गुन्ह्यासाठी तान्ह्या लेकराला धरणारं कोर्ट दाखवा," मी म्हणालो. "आणि आत्माच नाही, तर स्वर्गात भेटणार कोण?"

 मी जिंकलो.

तेवढ्यात ताई म्हणाली, "म्हंजे ते पाप माझ्यातूनच गेलं त्याच्यात. आन् आता लेकरू कुठंच न्हाई."

आमच्या दोघांच्या शिकवणीतलं सगळ्यात वाईट तेवढं तिने उचललं होतं.

"तसं न्हाई, ताई..." प्रचारक चाचरला. मी पुस्तिका शोधू लागलो.

आई चुलीजवळून उठली. "तुमी दोघं व्हा बाहीर. काय जिंकायचं ते लिंबाखाली जिंका." मग ताट घेऊन ती ताईपुढे बसली. "पाप पोटातून येतं म्हन्तीस? मंग तुला माझ्याच पोटातून मिळालं. म्हण, आई पापी."

"काहीतरीच! तू काय केलं?"

"मंग तू काय केलं, बाई?"

दाराबाहेर आम्हाला ताईचं रडणं ऐकू आलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. बऱ्याच वेळाने तिने भाकरीचा तुकडा मोडला. सृष्टीच्या आरंभापासून उतरत आलेलं पाप आईसमोर एक पिढीही टिकलं नाही.

अशा घरी तुम्हीही कधी उत्तरं घेऊन जाल. ती चपलांजवळ काढून ठेवा आणि आधी विचारा, लेकराची आई जेवली का.