आहेरातलं फुलपात्र आणि साडेसहा कोटी वर्षं

कळंबच्या आनंदीबाईंनी चाळीस वर्षं सुपात तांदूळ निवडले आणि घरात कुणाच्या दाताखाली खडा येऊ दिला नाही. म्हणून आमच्या कमलेश सरांनी त्यांना शेलूच्या फ्लॅटातल्या प्रयोगशाळेत कामाला ठेवलं. सरांच्या मते ही फार मोठी संधी होती. कुणासाठी, ते त्यांनी सांगितलं नाही.

कळंबला एका रिसॉर्टची विहीर खणताना काळ्या कातळाच्या दोन थरांमध्ये मातीचा थर लागला होता. म्हणजे लाव्हाच्या दोन पुरांमधल्या काळात तिथे तळं असणार. ती माती बारीक चाळणीत धुवायची आणि उरलेल्या गाळातली, पाण्यातल्या बारीक किड्यांची खसखशीएवढी शिंपली सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या कुंचल्याने टिपायची. शिंपल्याच्या जातीवरून खडकाचं वय कळतं, पाणी गोडं की खारं तेही कळतं. खुर्चीवर बसून करायचं बाईंचं हे आयुष्यातलं पहिलं काम. त्या खुर्चीवर त्यांचा फार जीव.

श्रावणात गाळात अशी शिंपली निघाली, जी इतक्या जुन्या थरात असूच शकत नव्हती. सरांनी लगेच ठरवलं की सगळी पुस्तकं चुकली आहेत. साडेसहा कोटी वर्षांचा कातळ त्यांनी एका दुपारीत तरुण करून टाकला आणि परिषदेचं तिकीट काढलं.

"सर, त्यो गाळ मी घरी धुतला," बाई म्हणाल्या. "नळाला पानी नव्हतं. खाचरातलं घेतलं."

हे बोललं की खुर्ची जाणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. सर हसले. "बाई, तुम्हाला यातलं काय कळतंय?"

दुसऱ्या दिवशी बाईंनी आहेरातल्या फुलपात्रात भातखाचरातलं पाणी आणलं. सूक्ष्मदर्शकाखाली एका थेंबात तीच शिंपली अंगावर घेऊन किडे मजेत पोहत होते.

"कुणाला सांगितलंत?" सरांचा पहिला प्रश्न.

"नाय. पन खाचरात काय पवतं, त्ये कळंबात समद्यांना ठाव हाय."

निष्काळजीपणाबद्दल बाईंना काढलं. सरांना मात्र आयता निबंध मिळाला: जुन्या नमुन्यातली आजची भेसळ कशी ओळखावी. 'आम्ही एक साधा प्रयोग केला,' असं त्यात लिहिलंय. आभार सगळ्यांचे आहेत, सासऱ्यांचेसुद्धा. बाईंचे नाहीत. माझं डोकं फिरलं, पण नोकरी मलाही हवी होती.

प्रयोगाचा फोटो छपाईला पाठवायचं काम तेवढं माझ्याकडे होतं. "कडा काप," सर म्हणाले. मी नाही कापल्या. निबंधाच्या पहिल्याच पानावर ते फुलपात्र आहे, आणि त्यावर ठोक्यांनी घातलेलं नाव: सौ. आनंदीबाई धाकलू भोईर, कळंब. वाचायला सूक्ष्मदर्शक लागत नाही.